पाचगणी आठ उतरणी

गुरण्णांना कुठल्याही गावाचं अंतर विचारा, ते किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. वाटेत लघवीला किती वेळा खाली उतरावं लागेल, त्यावर सांगतात. करकंब दोन उतरणी. पुणं सहा उतरणी. वळसंग अर्धं उतरणं, म्हणजे जाताना नाही थांबलं तरी चालतं, पण पोचल्यावर पहिली चौकशी तीच. आमच्या सोसायटीत नवीन राहायला आलेल्या माणसाला हे माप समजायला वेळ लागतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते घाटरस्त्यांबद्दल बोलतायत असं वाटलं होतं.

गुरण्णा म्हणजे गुरुनाथ, आमच्या समोरच्या फ्लॅटमधले. वय अडुसष्ट. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, पँट पोटाच्या बरीच वर, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेन. पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. कालव्यांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढायचे, त्यामुळे अजूनही वाण्याची यादी ते छापल्यासारख्या अक्षरात लिहितात. घरात कानडी, बाहेर मराठी आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडताना हिंदी.

नवीन माणसाला ते स्वतःची ओळख करून देतात तीही ठरलेली. "मी गुरुनाथ. शुगर हाय मला." कुणाकडे चहाला गेले की बसायच्या आधी, "बिनसाखरेचा बरं का, शुगर हाय." लग्नात पंगतीत हुग्गी आली, म्हणजे त्यांच्याकडची गव्हाची गोड खीर, की पानावर दोन्ही हात आडवे धरून वाढप्याला अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगणार. आणि शुगरमुळं दर पाऊण तासाला उतरावं लागतं, हेही ते तितक्याच मोकळेपणानं सांगतात. एकदा सोसायटीची मंडळी बसनं विजापूरला गेली होती. गुरण्णांमुळं बस इतक्या वेळा थांबली की ड्रायव्हरनं शेवटी त्यांना स्वतःच्या शेजारी बसवून घेतलं. सगळे हसले. गुरण्णाही हसले.

त्यांच्या बायकोला, महादेवीकाकूंना, आम्ही कधी त्यांच्याशिवाय कुठं गेलेलं पाहिलं नाही. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, आवाज गोड. पण भाजीला गेल्या तरी अर्ध्या तासात परत. "ह्यांना एकटं सोडून कुठं जाऊ," असं म्हणायच्या. आम्हा बायकांना त्यांची दया यायची. माझी आई तर म्हणायची, त्या गुरण्णाच्या शुगरनं महादेवीचं सगळं आयुष्य घरात गेलं.

यंदा मार्चमध्येच सोलापूर तापलं. मी शाळेत शिकवते. स्टाफरूममधल्या एकीनं पाचगणीच्या एका बंगल्याची माहिती दिली. डोंगराच्या कडेला, तीन खोल्या, स्वयंपाकघर आपल्या ताब्यात, फक्त किमान चौघं हवेत आणि तीन रात्री राहायला हवं. घरात मी आणि आई, दोघीच. आई म्हणाली, महादेवी येत असेल तर मी येते. महादेवीकाकू आल्या म्हणजे गुरण्णा आलेच. चौघं झालो. मी बंगला घेऊन टाकला आणि मग माझ्या लक्षात आलं की जायचं कसं हे गुरण्णांना विचारायचं राहिलं.

ते त्याच संध्याकाळी आले. सोफ्याच्या कडेला बसले आणि रेल्वेनं जायचं म्हणाले.

आईनं त्यांना शांतपणे सांगितलं की पाचगणीला रेल्वे जात नाही.

"साताऱ्यापर्यंत तर जाती की, आई."

मग त्यांनी बेत मांडला. सकाळच्या गाडीनं पुणं, तिथं गाडी बदलून सातारा, साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर, तिथून रिक्षानं स्टँड, स्टँडवरून टॅक्सी. मी म्हटलं, माझी कार दारात उभी आहे, सकाळी निघालो तर दुपारी जेवायला पाचगणीत. गुरण्णांनी मान हलवली. कारमध्ये काय हाय, म्हणाले. रेल्वेत डब्याच्या दोन्ही टोकांना सोय असती. गाडी केमसारख्या छोट्या स्टेशनात थांबो नाहीतर थेट पळो, माणूस निर्धास्त बसतो. कारमध्ये माणूस रस्त्याच्या ताब्यात.

हा वाद तीन आठवडे चालला. जिन्यात, गच्चीवर, दूध घेताना. मी कारच्या बाजूनं बोलायची, गुरण्णा रेल्वेच्या. आईचे गुडघे पुणे स्टेशनचा पूल चढायचे नाहीत, हा माझा हुकमाचा एक्का होता. तो मी टाकला तेव्हा गुरण्णा उठून घरी गेले. ते दोन दिवस दिसलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं, म्हसवडला कुणाच्या तरी लग्नाला गेलेत, पहाटेच्या एसटीनं. कुणाचं लग्न ते काकूंनाही माहीत नव्हतं.

ते चौथ्या दिवशी आले ते काखेत गुंडाळी घेऊन. जेवणाच्या टेबलावर त्यांनी ती पसरली. चार फूट लांब ट्रेसिंग पेपर. सोलापूर ते पाचगणी एक सरळ रेघ, जशी कालव्याची काढतात तशी, आणि तिच्यावर आठ लाल टिंबं. मोहोळच्या पुढचा पेट्रोलपंप, पंढरपूरचं एक हॉटेल, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, असं करत वाईपर्यंत. प्रत्येक टिंबाखाली बारीक सुबक अक्षरात नोंद. पाणी आहे. कडी लागते. पायऱ्या तीन. एका पंपाखाली लिहिलं होतं, "बायकांचे वेगळे, चावी मॅनेजरकडे, माणूस बरा." लग्नबिग्न काही नव्हतं. हा माणूस दोन दिवस एसटीतून उतरत, चढत, रस्त्यावरची स्वच्छतागृहं तपासून आला होता.

"पाचगणी आठ उतरणी," ते म्हणाले. "कार चालंल."

मी सुटकेचा निःश्वास सोडला. आई तो कागद बघून आत गेली आणि तोंडाला पदर लावून हसली.

सुट्टी लागल्यावर पहिल्याच सोमवारी आम्ही निघालो. डिकीत कडक भाकरी, शेंगाचटणी, आईचे दोन उशांचे गठ्ठे. गुरण्णा पुढं माझ्या शेजारी, मांडीवर कागद. मागं आई आणि काकू. मी घाटात पहिल्यांदाच गाडी घालणार होते आणि त्याची धास्ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

पाऊण तास झाला की गुरण्णा खाकरत. "ताई, मला उतरायचंय." गाडी थांबली की ते आधी जाऊन बघून येत, मग हात हलवत. काकू म्हणत, थांबलोच आहोत तर मीपण जाऊन येते. आईसुद्धा जाई. दहिवडीपर्यंत मला त्याची गंमत वाटली. पुसेगावला मात्र मी वैतागले. बारा वाजून गेले होते, गाडी तापली होती, आणि मी जरा तुटकपणेच म्हणाले की गुरण्णा, आता थेट वाईलाच थांबू. त्यांनी कागदावर बोट फिरवलं. पाऊण तास होताच पुन्हा खाकरले आणि मी थांबले.

वाईच्या पुढं पसरणीचा घाट सुरू झाला आणि चौथ्या वळणावर गाड्यांची रांग उभी. वर कुठंतरी ट्रक बंद पडला होता. एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली दरी. मागं वळायला जागा नाही. चढावर मी हँडब्रेक ओढून ठेवला होता. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला, पाऊण तास झाला. ट्रेसिंग पेपरावर या जागी काहीच नव्हतं.

गुरण्णांचा चेहरा उतरला. ते सारखे आरशात बघत होते. मला वाटलं, मागच्या गाड्या बघतायत. मग त्यांनी एकदम दार उघडलं आणि भर उन्हात रांगेतून चालत वर निघून गेले. वीसेक मिनिटांनी घामाघूम परत आले. वरच्या वळणावर एक रोपवाटिका आहे म्हणाले, तिथल्या बाईंना विचारून आलोय.

"महादेवी, तू चल माझ्यासंगं. मला चक्कर आल्यासारखं होतंय, हात धर."

मी घाबरले, मीच येते म्हणाले, तर ते जवळजवळ ओरडले की गाडी सोडू नका. काकू उतरल्या. त्यांनी नवऱ्याचा दंड धरला आणि दोघं उभ्या गाड्यांच्या कडेनं चढत गेले. एका जीपमधल्या पोरांनी आजोबा, काय झालं असं विचारलं. गुरण्णांनी मोठ्यानं सांगितलं, "शुगर हाय बाबा, दम निघत न्हाय." पोरं हसली. परत येताना त्याच पोरांना ते म्हणाले, लई मोकळं वाटलं. तेवढ्यात रांग हलली. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी वर घेतली, ती बंद पडली नाही, आणि चारच्या सुमाराला आम्ही बंगल्याच्या फाटकात होतो. उतरल्यावर पहिल्यांदा थंड वारा तोंडावर आला तेव्हा मला रडू येईल की काय असं वाटलं. मी घाट चढले होते. गुरण्णा ठीक होते. आई पायरीवर बसून चपला काढत होती आणि म्हणत होती, इथं स्वेटर लागणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात ब्रेड आणायला गेले. एका गल्लीत, दुकानाच्या मागच्या बाकावर, पांढरा शर्ट आणि पोटाच्या वर पँट. गुरण्णा. समोर उंच ग्लासात स्ट्रॉबेरी क्रीम, वर साखरेचा पाक. ते डोळे मिटून लांब चमच्यानं खात होते. ग्लास जवळजवळ रिकामा होता आणि शेजारी दुसरा, पूर्ण रिकामा.

मी फार बोलले. काल घाटात काय झालं ते विसरलात का, काकूंनी काय करायचं, असं बरंच काही. शाळेतल्या सवयीनं आवाज चढला. गुरण्णा खाली मान घालून ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले, "तिला सांगू नका, ताई."

मी अर्थातच सांगितलं. बंगल्याच्या मागच्या अंगणात काकू शेंगा निवडत बसल्या होत्या, आई आत आंघोळीला गेली होती. मी सगळं सांगून टाकलं, दोन ग्लासांसकट. काकू ऐकता ऐकता हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"त्यांना कुटं शुगर हाय," त्या म्हणाल्या. "त्यांना कायबी न्हाय. ते माझं हाय."

मग त्यांनी सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी त्यांचं पिशवीचं ऑपरेशन झालं. त्यानंतर लघवी धरवत नाहीशी झाली. पाऊण तास, फार तर एक तास. एकदा माहेरी वळसंगला जाताना एसटीत फजिती झाली. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. फक्त बाहेर जाणं बंद केलं. लग्नं टाळली, सख्ख्या भाचीचं बारसं टाळलं. गुरण्णांनी कधी काही विचारलं नाही. एक दिवस संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, डॉक्टरकडं गेलो होतो, मला शुगर निघाली, आता सारखं उतरावं लागणार, तू सोबत पाहिजेस. त्या दिवसापासून त्यांनी चहातली साखर सोडली. ज्या माणसाला हुग्गीवर अजून गूळ लागायचा, तो पंगतीत पानावर हात आडवे धरायला लागला.

"मला आठ दिवसांत कळलं की सगळं खोटं हाय. रिपोर्ट न्हाई, गोळी न्हाई. पण मी काय बोलले न्हाई. बोलले असते तर मला त्यांच्यासमोर लाज वाटली असती, आणि त्यांना माझ्यासमोर."

शेंगेचं एक टरफल मी उगीच चुरत राहिले. मी सकाळी त्यांना काय काय बोलले होते ते आठवत होतं. विजापूरच्या बसमध्ये आपण सगळे किती हसलो, तेही.

काकूंनी आत आईचा कानोसा घेतला आणि आवाज आणखी खाली आणला.

"आणि आता खरं सांगू का, वैशाली? मला आता बरंच बरं हाय." गेल्या वर्षी सोसायटीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं त्या एका डॉक्टरबाईंकडे जाऊन आल्या होत्या, गुरण्णा बँकेत गेलेले असताना. बाईंनी व्यायाम शिकवले, काही महिने औषध दिलं. आता दोन-अडीच तास काही होत नाही. काल घाटातही काही नव्हतं.

मी विचारलं, मग गेलात कशाला त्या उन्हात.

"एवढं वर चढून जागा बघून आले होते गं. न्हाय कसं म्हणू? रिटायर झाल्यापासून त्यांना दुसरं काय काम हाय? निघेपर्यंत पंधरा दिवस त्या कागदात सुधारणा करत बसले होते. रोज मला दाखवायचे."

आई बाहेर आली आणि आम्ही शेंगांकडे वळलो. दुपारी मी गुरण्णांना चहा दिला, त्यात साखर घातली नाही. ते बिचारे आनंदानं प्यायले. माझी नजर मात्र त्यांच्याकडे वर होत नव्हती.

शेवटच्या संध्याकाळी आई आणि काकू दोघीच फिरायला गेल्या. बंगल्यापासून एक पायवाट झाडीतून दरीच्या कडेपर्यंत जाते. गुरण्णांनी सोबत यायची तयारी केली होती, पण आईनंच त्यांना बसवलं. बायकांच्या गोष्टी असतात, म्हणाली. ते व्हरांड्यात खुर्चीवर बसले. अर्ध्या तासानं उठले, फाटकापर्यंत जाऊन आले. पाऊण तास झाला तेव्हा मला म्हणाले, त्या वाटेला घरंबिरं काय न्हाईत. मी म्हटलं, येतील. सव्वा तास झाला आणि त्यांनी चपला घातल्या. मीही निघाले.

वाट संपते तिथं मोठे काळे दगड आहेत. त्यातल्या एकावर आई बसली होती, गुडघे चोळत. दुसऱ्यावर काकू, पाय लांब सोडून, पदर वाऱ्यावर मोकळा सोडून. त्या कानडीत काहीतरी गात होत्या आणि आई, जिला कानडीचं एक अक्षर येत नाही, मान डोलवत होती. निघायची कुणालाच घाई दिसत नव्हती.

गुरण्णा हाक मारायला म्हणून तोंड उघडणार, तोच थांबले. मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मग काकूंकडे. पुन्हा घड्याळाकडे. मी बाजूलाच होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला दिसत होतं.

"आराम आग्याळ," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला कळावं म्हणून, "बरी झाली ती."

आम्ही झाडामागं उभे होतो. काकूंनी एक कडवं संपवलं आणि दुसरं धरलं. गुरण्णांनी मला हातानं मागं फिरायची खूण केली. बरंच अंतर चालून आल्यावर ते बोलले.

"आपण आलो होतो असं बोलू नका, ताई. तिला सांगायचं असंल तवा ती सांगंल."

मी बरं म्हटलं. वाटेच्या कडेला एक बुटका बांध होता, त्यावर ते बसले. खूप दमल्यासारखे आणि खूप हलके झाल्यासारखेही. मी शेजारी बसले. मग त्यांनी विचारलं, अगदी सरळ, मला उत्तर माहीत असेल अशा विश्वासानं.

"आता मी प्रवासात काय बघू?"

मी म्हटलं, "डोंगर बघा की, गुरण्णा."

त्यांनी मान वर केली. समोर डोंगरांच्या रांगा एकीमागं एक निळ्या होत गेल्या होत्या आणि पार खाली धोमच्या धरणाचं पाणी संध्याकाळच्या उजेडात चकाकत होतं. नोकरीभर त्यांनी पाण्याच्या रेघा कागदावर ओढल्या होत्या. ते पुढं झुकून बघायला लागले. मागून झाडीतून काकूंचा आवाज अधूनमधून येत होता, मध्येच आईचं हसू. गुरण्णांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.